सार्वमताची चिठ्ठी हातात पडली की

2023 च्या ऑक्टोबरात भाच्याचा ऑस्ट्रेलियाच्या राजधानीतून, कॅनबेराहून फोन, "मावशी, इथे सार्वमत आहे. मत कसं द्यायचं?" मी इंदुरात, रामबागेतल्या घरी, पोहे भिजवून बसलेली. नागरिकशास्त्र 30 वर्षं शिकवलं, पण आपल्या घटनेत सार्वमताची, म्हणजे घटनेतल्या बदलावर लोकांनी थेट मत द्यायची, सोयच नाही. दुरुस्ती 368 व्या कलमाप्रमाणे संसद करते. मतदाराचं वय 21 चं 18 झालं तेही असंच. तरी सांगितलं.

प्रश्न नंतर वाच, आधी अट बघ. तुमच्याकडे ती दुहेरी: देशभरात बहुमत हवं, शिवाय सहापैकी किमान चार राज्यांतही हवं. म्हणून तर याआधीच्या 44 प्रस्तावांपैकी 8 च पार पडले. आणि कॅनबेरा कुठल्याच राज्यात मोडत नाही, तेव्हा तुझं मत फक्त देशाच्या बेरजेत. 1977 च्या आधी तेवढंही नव्हतं! स्वारी जरा खट्टू झाली.

मग मत कोण देणार ते बघ. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना मताधिकार द्यायचा की नाही हे पुरुषांनीच ठरवलं. 1959 ला नाही म्हणाले, 1971 ला हो. हे सांगण्याच्या भरात माझ्या पोह्यांचा पार गिचका झाला.

घरी पुस्तिका येते, त्यात दोन्ही बाजू असतात. आपल्याला न पटणारी आधी वाच. आणि चिठ्ठीवर खुणा करत बसू नकोस. चौकटीत इंग्रजीत 'येस' किंवा 'नो' असं अख्खं लिही.

"मराठीत 'हो' लिहू?" म्हणे. आगाऊ मेला.