नवीन घरात पहिली झाडं कोणती आणावीत?

खोकी उघडून झाली, पडदे लागले, की घर ओकंबोकं वाटायला लागतं आणि झाडं आणायची हुक्की येते. परदेशात नव्याने आलेली मंडळी पहिल्यांदा विचारतात ते हेच: इथे तुळस जगेल का, मोगरा जगेल का? खिडकीत रोज पाच-सहा तास थेट ऊन येत असेल तर उन्हाळ्यात जगेल. थंड देशातल्या हिवाळ्यात मात्र तो हट्ट नको. ५० अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरातला दिवस जेमतेम ८ तासांचा, आणि त्यातही सूर्य पार खाली. एवढ्या उजेडात मोगरा तग धरेल फार तर, फुलणार नाही.

परक्या देशातलं पहिलं वर्ष कागदपत्रं, नोकरी, मुलांच्या शाळा यातच निघून जातं. भाड्याचं घर असेल तर ते पुन्हा बदलायची शक्यताही दाट. म्हणून झाड निवडताना दोनच गोष्टी बघा: घरात उजेड किती आहे, आणि तुम्ही त्याला किती दिवस विसरणार आहात. कुंड्या दोन हातांत उचलता येतील एवढ्याच घ्या.

उजेडाच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नका. अंधूक खोलीला डोळे सरावतात, झाड सरावत नाही. भर दुपारी जिथे कुंडी ठेवायची तिथे एक कोरा कागद ठेवा आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर हात धरा. बोटं वेगवेगळी दिसतील अशी ठळक सावली पडली तर उजेड भरपूर. नुसता पुसट डाग दिसला तर मध्यम. काहीच दिसलं नाही तर तिथे दिवा ठेवा, झाड नको. उत्तर गोलार्धात सगळ्यात जास्त ऊन दक्षिणेच्या खिडकीत येतं, दक्षिण गोलार्धात उत्तरेच्या.

मध्यम उजेड आणि विसरभोळा मालक असेल तर मी डोळे मिटून स्नेक प्लांट सांगते. मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. जाड पानांत पाणी साठवतं आणि पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतं, त्यामुळे दिवसाच्या उष्णतेत पाणी उडून जात नाही. हिवाळ्यात महिन्यातून एकदा पाणी पुरतं. लेबलवर कधी सान्सेव्हिएरिया लिहिलेलं असेल, कधी ड्रॅसीना. गोंधळू नका, वर्गीकरण बदललं, झाड तेच. त्याच्याइतकंच सोशिक झीझी प्लांट, पूर्व आफ्रिकेतलं. मातीखाली त्याचे पाणी साठवणारे जाड कंद असतात. वाढ इतकी संथ की कित्येक महिने काहीच होत नाहीसं वाटतं, आणि मग एक दिवस मातीतून गुंडाळलेला नवा कोंब वर आलेला दिसतो.

मनी प्लांट विकत घेऊ नका, मागून घ्या. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ते जास्तच झालेलं असतं. देठावर पानाच्या उलट्या बाजूला तपकिरी, खरबरीत उंचवटा दिसतो. मुळं तिथूनच फुटतात. त्या पेराच्या, म्हणजे उंचवट्याच्या, जरा खाली कापा, खालचं पान काढा आणि पेर बुडेल एवढ्या पाण्यात ठेवा. आठवड्याने पाणी बदला. दोन-चार आठवड्यांत पांढरी मुळं दिसू लागतात. पेर नसलेलं नुसतं पान कितीही दिवस पाण्यात ठेवलंत तरी त्याची वेल होत नाही.

स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी झाली म्हणून घाबरू नका. नळाच्या पाण्यातले क्षार, फ्लोराइड नाहीतर कोरडी हवा, यातलं काहीतरी कारण असतं. टोकं कात्रीने छाटून टाका. पीस लिली मला जरा नाटकी वाटते. तहान लागली की सगळी पानं लोंबवून निपचित पडते आणि पाणी मिळताच काही तासांत उभी राहते. ज्यांना कोणीतरी आठवण करून द्यायला हवी असते त्यांच्यासाठी ती उत्तम.

घरात मांजर-कुत्रं किंवा रांगतं मूल असेल तर हिशेब बदलतो. मनी प्लांट, झीझी आणि पीस लिली यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यास तोंडाची आग होते. स्नेक प्लांटही पोटाला बाधतं. अशा घरात स्पायडर प्लांट घ्या.

घरातली झाडं बहुतेक वेळा तहानेने मरत नाहीत, जास्त पाण्याने मरतात. मुळांना प्राणवायू लागतो. माती सतत ओली राहिली की तो मिळत नाही आणि मुळं कुजतात. "दर रविवारी पाणी" असा नेम करू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर परत फिरा. पाणी घातल्यावर आणि आठवड्याने कुंडी उचलून बघा, थोड्या दिवसांत वजनावरूनच कळायला लागतं. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत थेट माती भरू नका. झाड प्लास्टिकच्या कुंडीतच राहू द्या आणि ती आत ठेवा. बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका. आणि मातीची कच्ची बशी लाकडी जमिनीवर ठेवू नका: ती पाझरते, खाली काळा डाग पडतो, आणि डिपॉझिटचा वाद होतो तो वेगळाच.

थंडीत झाड विकत घेतलंत तर कागदात नीट गुंडाळून घरी आणा, गाडीत ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. यातली बहुतेक झाडं उष्ण प्रदेशातली. तापमान १० अंशांखाली गेलं की पानं काळी पडू शकतात. घरातही पान काचेला टेकू देऊ नका, रात्री काच गार पडते. खिडकीखालीच हीटर असेल तर कुंडी बाजूला सरकवा. कोरड्या गरम हवेत लाल कोळी नावाची बारीक कीड येते: पानाखाली बारीक जाळी, वर फिकट ठिपके. ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पानं पुसली तर सुरुवातीलाच आटोक्यात राहते. मातीवर चिलटं उडायला लागली तर पाणी घालणं थांबवून वरचा थर सुकू द्या.

झाडं हवा शुद्ध करतात म्हणून डझनभर आणायची गरज नाही. तो समज नासाच्या १९८९ च्या अभ्यासातून पसरला, पण ते प्रयोग बंद पेट्यांमधले होते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा नेहमीच्या घरात खेळत्या हवेइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील असं निघालं. त्यापेक्षा खिडकी उघडा.

माहेरून येताना बॅगेत फांदी लपवून आणायचा विचार असेल तर सोडून द्या. बऱ्याच देशांत रोपांसाठी, काही ठिकाणी बियांसाठीही, पादपस्वच्छता प्रमाणपत्र (रोपावर रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला) लागतं. नसेल तर झाड जप्त होतं आणि दंडही बसू शकतो.

नवीन आणलेलं झाड लगेच दुसऱ्या कुंडीत लावू नका, दोन-तीन आठवडे नव्या जागेला रुळू द्या. मुळं भोकातून बाहेर यायला लागली तर वसंतात एकच माप मोठी कुंडी घ्या. आणि घर बदलायची वेळ आली तर स्नेक प्लांट आणि झीझीचं पाणी आठवडाभर आधीच बंद करा: कुंडी हलकी होते आणि वाटेत माती सांडत नाही.