स्कॉटलंडच्या लुईस बेटावर नर्स म्हणून येताय? आधी घर शोधायला शिका

ऑस्की (नर्सची प्रात्यक्षिक परीक्षा), रजिस्ट्रेशन, व्हिसा हे सगळं तुम्हाला पाठ असणार. मुख्य भूमीवरच्या अल्लापूलहून बेटावरच्या स्टॉर्नोवेला येताना फेरीबोटीत अडीच-पावणेतीन तास पोटात ढवळेल, तेही सोसाल. खरी परीक्षा बेटाच्या उत्तर टोकाला, नेसच्या गावांमध्ये, घरोघरी ड्रेसिंगला निघालात की सुरू होते.

पहिल्याच आठवड्यात मी भलत्याच आजोबांचं बीपी घेतलं. नाव तेच, आडनाव तेच, नंबरही तोच. त्यांनी निमूट बाही वर केली, चहा पाजला आणि मग म्हणाले, "तुला बहुतेक पलीकडचा हवाय."

झालं असं की इथला नंबर घराचा नसतोच, क्रॉफ्टचा असतो. क्रॉफ्ट म्हणजे कुळाने कसायची जमीन, बहुतेकदा रस्त्यापासून मागे लांबवर गेलेली अरुंद पट्टी. आपल्या कुळकायद्याने कुळाला मालक केलं. इथे 1886च्या कायद्याने मालकी दिली नाही, पण कुळाला उठवता येईना आणि हक्क वारसाकडे जाऊ लागला. मग मुलानातवंडांनी त्याच पट्टीत घरं बांधली. म्हणून 14, 14अ, 14ब. एक रस्त्याच्या वर, एक खाली, आणि एक नुसत्या दगडी भिंती, छप्पर उडालेलं. पोस्टकोड अख्ख्या रांगेला एकच. मॅपवर विसंबलात तर मेंढ्यांच्या कुंपणाशी जाऊन उभे राहाल.

त्यात मॅक्लाउड, मॉरिसन, मॅकडॉनल्ड हीच आडनावं पुन्हा पुन्हा, आणि आजोबांचं नाव नातवाला. त्यामुळे गावात माणूस ओळखतात तो बापाच्या आणि आजाच्या नावावरून, नाहीतर टोपणनावावरून. गेलिकमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत, विचारतात, "को लेश ऊ?" म्हणजे सरळ आपलं "तू कुणाची गं?" कोकणातल्या कुठल्याही वाडीत वाढलेल्याला हे दोन मिनिटांत कळेल. मला कळायला महिना लागला, कारण मी पुण्याची.

पण घर चुकणं परवडलं. मी त्याहून वाईट केलं: दुकानात विचारलं. गणवेशात, गळ्यात ओळखपत्र, "अमक्या बाई कुठे राहतात हो?" संध्याकाळी त्या बाईंना ग्लासगोहून बहिणीचा फोन, "पायाला काय झालं?" त्या माझ्यावर चिडल्याही नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. झालेल्या चुकीची नोंद करायचा फॉर्म मीच भरला. तेव्हा रस्त्यात, दुकानात, चर्चच्या दारात पेशंटचं नाव तोंडातून काढायचं नाही. कधीच नाही. आदल्या दिवशी पेशंटलाच फोन करा: फाटकाचा रंग कुठला, अंगणात गाडी कुठली, आत कुठल्या दाराने यायचं. मी काम करते त्या गावात पुढचं दार ठोठावतो तो परकाच, बाकी सगळे मागून येतात.

मला नेमून दिलेल्या मेंटॉरने जाडजूड फाइल दिली. तिचा उपयोग शून्य. शिकवलं ते आमच्याबरोबर काम करणाऱ्या, तिथेच जन्मलेल्या एका होम-केअरवाल्या मावशींनी. अशी मावशी शोधा. दहा मिनिटांत बेट समजावणारे व्हिडिओ बघू नका, त्यात नुसते पफिन पक्षी असतात.

रविवारचं थोडक्यात. स्टॉर्नोवेहून रविवारची फेरीबोट 2009 मध्ये विरोधाला न जुमानता सुरू झाली, पण गावात रविवार अजून रविवारच आहे. दोरीवर कपडे वाळत घालू नका, सामान शनिवारीच भरा. नर्सने कामावर जायला मात्र कुणाची हरकत नसते, ते दयेचं काम धरतात.

घाबरू नका. मे महिन्यात पीट (जळणासाठी वापरतात ती दलदलीतली माती) कापायला कुणी बोलावलं तर जरूर जा. कमरेचे बारा वाजतात, पण एका दुपारी अर्ध्या गावाची नाती कळतात.

आणि गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे ठेवा. माझ्या ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराची बिजागरी दोनदा बदलून झाली.