मृत्युपत्र करताय ना, मग साक्षीदार नीट बघून घ्या

मृत्युपत्र म्हटलं की लोक आधी स्टॅम्प पेपर आणायला धावतात. अहो त्याची गरजच नाही, साध्या कागदावर हाताने लिहा नाहीतर टाईप करून घ्या, स्टॅम्प ड्युटी शून्य आहे आणि नोटरीही सक्तीची नाही.

खरी गोम साक्षीदारांत आहे. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात, त्यांनी तुम्हाला सही करताना बघायचं आणि मग तुमच्यासमोर स्वतःची सही करायची. आमच्या काकांनी भजनी मंडळातले दोन मित्र घेतले, दोघंही त्यांच्याच वयाचे, आणि काका गेले तोवर ते दोघंही गेलेले. मग चुलतभाऊ जुने व्हाउचर, पासबुकं घेऊन काकांची सही आणि एका साक्षीदाराची तरी सही ओळखणारी माणसं शोधत फिरला, कारण साक्षीदार हयात नसले की कोर्टात तेच सिद्ध करावं लागतं. म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान घ्या, पत्ता माहीत असलेले घ्या, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला अजिबात घेऊ नका. एक साक्षीदार फॅमिली डॉक्टर असेल तर उत्तमच, त्याच दिवशी त्यांच्याकडून तब्येत आणि शुद्धीचं सर्टिफिकेट पण घ्या. सही प्रत्येक पानावर करा.

आता मजकूर. "माझी सगळी जमीन धाकट्याला" असं मोघम नको, गाव, गट नंबर, क्षेत्र सातबाऱ्यावर आहे तसं लिहा, फ्लॅटचा नंबर, बँक खाती सगळं. एखाद्या मुलाला काही देत नसाल तर त्याचं कारण दोन ओळीत लिहाच, नुसतं नाव गाळलं तर म्हाताऱ्याला विसर पडला होता म्हणून भांडायला जागा मिळते. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीतला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि 2005 पासून मुलीचाही मुलाइतकाच हिस्सा आहे, तो धरूनच हिशोब करा. गोव्यात तर कायदाच वेगळा, मुलं असतील तर साधारण अर्धी मिळकत त्यांच्यासाठी राखीव, त्यामुळे तिथे तिथलाच वकील गाठा.

नॉमिनी लावलाय म्हणजे झालं असं समजू नका. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय की नॉमिनी मालक होत नाही, हक्क वारसांचाच.

दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही पण मी म्हणेन कराच. पुढे मन बदललं तर नवीन करा, त्यात "आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" ही ओळ टाका, शेवटचं असतं तेच चालतं.

आणि मूळ प्रत कुठे ठेवलीय ते एकाला तरी सांगून ठेवा, काकांची लोखंडी कपाटात काकूंच्या साड्यांखाली सापडली, तीही चार महिन्यांनी.