ईको-ओमनीचं वायरिंग घरी करताय? या चुका टाळा

सकाळी चावी फिरवली, सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प बसला की बहुतेक जण थेट बॅटरीच्या दुकानात जातात. नवी बॅटरी बसते, चार दिवस गाडी चालते आणि पाचव्या दिवशी परत तोच ‘टक्’. मग डायनामो खोलला जातो, त्यानंतर सेल्फ. खराब असते ती बहुधा शे-दोनशे रुपयांची अर्थिंगची पट्टी. पार्ट बदलण्याआधी मीटर लावायचा आणि तोही लोड (दिवे, सेल्फ असं करंट ओढणारं काही) चालू असताना, एवढं पाळलं तरी निम्मा खर्च वाचतो. चारशे रुपयांचा डिजिटल मीटर, २१ वॅटच्या इंडिकेटर बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, दहा नंबरचा पाना आणि पॉलिश पेपर एवढ्यावर घरची बरीचशी कामं होतात.

बॅटरीचं फक्त एकच रीडिंग घेणं

गाडी बंद करून लगेच मीटर लावला तर १२.९ व्होल्ट दिसतं आणि बॅटरी ठणठणीत वाटते. हा वरवरचा चार्ज असतो. हेडलाइट दोन मिनिटं चालू ठेवा, बंद करा, पाच मिनिटांनी मोजा. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी.

दुसरं रीडिंग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून घ्यायचं. मीटरचे पिन क्लॅम्पवर न टेकवता बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा. त्या क्षणी आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. सात-आठवर कोसळला तर बॅटरी दमलेली आहे किंवा सेल्फ जाम होऊन भलताच करंट ओढतोय. याच्या उलट, फक्त ‘टक्’ आवाज येतोय आणि आकडा १२.४ वरून हलतच नाही, तर सेल्फपर्यंत करंट जातच नाहीये. अशा वेळी बॅटरी बदलून काहीही होणार नाही. केबल, क्लॅम्प किंवा सेल्फच्या सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचे) संपर्क बघा.

तिसरं रीडिंग एंजिन चालू असताना. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असलं तर चार्जिंग ठीक. १४.८ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (डायनामोचा व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय. तो बॅटरीचं पाणी उकळवतो आणि बल्बही उडवत राहतो. चार्जिंग अजिबात नसेल तर डायनामो काढण्याआधी चावी ऑन करून डॅशवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो का बघा. पुष्कळ जुन्या गाड्यांत डायनामोला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. दिवाच उडालेला असेल तर डायनामो चांगला असूनही जागा होत नाही.

अर्थिंग डोळ्यांनी तपासणं

उजवा इंडिकेटर दिला की टेल लॅम्पही मिणमिणतो, ब्रेक दाबला की पार्किंग लाइट मंद होते, हॉर्न वाजवला की म्युझिक सिस्टिम बंद पडते. असले चमत्कार दिसले की दोष जवळजवळ नेहमी अर्थिंगचा असतो. करंटला परतायचा सरळ रस्ता मिळाला नाही की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो.

ईको आणि ओमनीत एंजिन पुढच्या सीटखाली रबरी माउंटिंगवर बसलेलं आहे. रबरातून करंट जात नाही, म्हणून एंजिन आणि बॉडी यांना जोडणारी पट्टी हाच खरा मार्ग. खाली चिखल, पाणी, वर एंजिनची उष्णता. पट्टी आतून कुजते आणि वरून मात्र धडधाकट दिसते. ती पूर्ण तुटली तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून जायला लागतो. सेल्फ मारताना केबल गरम होते, कधी धूर येतो, आणि नवी टाकलेली केबलही काही दिवसांत जाम होते. सारख्या केबली जात असतील तर केबलच्या कंपनीला शिव्या देण्याआधी ही पट्टी बघा.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे मीटर ओहमवर ठेवून पट्टी तपासणं. पट्टीच्या चाळीस तारांपैकी एकच शिल्लक असेल तरी मीटर ‘शून्य’ दाखवतो. हिशेब करा: ०.०१ ओहमचा अडथळा १०० अँपियरला पूर्ण एक व्होल्ट खातो, आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा ०.२-०.३ ओहम असतो. त्याला ०.०१ दिसणार कुठून?

म्हणून अर्थिंग तपासायचं ते व्होल्टमध्येच. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर, लाल पिन एंजिनच्या स्वच्छ उघड्या धातूवर. सेल्फ मारा. ०.२ पर्यंत चालेल, ०.५ च्या पुढे गेलं तर पट्टी किंवा तिचा जोड खराब. मग लाल पिन बॉडीच्या बोल्टवर ठेवून हेडलाइट लावा, इथे ०.१ पेक्षा जास्त नको. बंद लाइटवर हीच चाचणी केली तर नेहमी शून्यच येईल आणि तुम्ही फसाल.

दुरुस्ती सोपी आहे. आधी बॅटरीचा मायनस काढा. बोल्ट काढून थिंबल (वायरीच्या टोकाचा धातूचा कान) आणि बॉडी दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबलखालचा रंग पूर्ण निघाला पाहिजे. दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग बोल्ट असं केलं तर घासल्याचा उपयोग राहत नाही.

फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकणं

चपट्या ब्लेड फ्यूजचे रंग अँपियरप्रमाणे ठरलेले आहेत: खाकी ५, तपकिरी ७.५, लाल १०, निळा १५, पिवळा २०, पांढरा २५, हिरवा ३०. फ्यूज असतो तो वायर वाचवायला, बल्ब वाचवायला नाही. १० च्या जागी ३० टाकला की आता फ्यूजऐवजी वायर वितळणार, तीही सीटखाली, पेट्रोलच्या पाइपच्या आसपास. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याबद्दल तर बोलायलाच नको.

एकामागून एक फ्यूज जाळण्यापेक्षा फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांत २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो, पण वायरीतून पावणेदोन अँपियरपेक्षा जास्त जात नाही, त्यामुळे काही जळत नाही. आता हार्नेस (वायरींचा जुडगा) एकेक ठिकाणी हलवत जा. बल्ब विझला किंवा लुकलुकला ती जागा दोषाची. व्हॅनमध्ये सुरुवात मागच्या दारापासून करा. दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं आणि बिजागराजवळच्या रबरी नळीत वायरी तिथल्या तिथे मोडतात. रबर मागे सरकवलं की तुटलेलं इन्सुलेशन दिसतं. पुढचं ठिकाण सीटच्या रुळाखाली चेपलेल्या वायरी, आणि मग गाडी विकत घेतल्यावर बसवलेली प्रत्येक गोष्ट.

फॉग लॅम्पची वायर हेडलाइटमधून काढणं

५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे साधारण ९ अँपियर. घरात पडलेली स्पीकरची ०.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) वायर चार मीटर ओढली तर सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. व्होल्टेज १० टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड साधारण ३० टक्के घटतो. म्हणजे पैसे ५५ वॅटचे आणि उजेड त्याच्या दोन तृतीयांश. वर मूळ स्विचचे संपर्क जळतात ते वेगळंच.

त्यामुळे रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावायचाच. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपियरचा फ्यूज, तिथून २.५ स्क्वेअरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पायाला. ८७ वरून लॅम्पकडे. ८६ ला डॅशच्या स्विचमधून आलेली वायर, ८५ अर्थिंगला. पाच पायांच्या रिलेत मधला पाय ८७ए असतो. लॅम्प चुकून त्याला जोडला तर स्विच बंद असताना लॅम्प पेटतो आणि चालू केल्यावर विझतो. रिले खराब नसतो, पाय चुकलेला असतो.

जोड पिळून टेप गुंडाळू नका. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो, पावसाळ्यात जोड हिरवा पडतो. योग्य मापाचं थिंबल दाबून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. टेस्ट लॅम्प फक्त लाइट, हॉर्न, फ्यूजबॉक्स यांच्यासाठी. ईसीयूच्या (एंजिनच्या कॉम्प्युटरच्या) किंवा सेन्सरच्या वायरींना तो लावला तर आतलं सर्किट जाऊ शकतं. तिथे डिजिटल मीटरच. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला कशानेच टोचू नका.

रात्रीत बॅटरी उतरते तेव्हा

मीटर १० अँपियरच्या सॉकेटवर, मायनस खुंट आणि काढलेला मायनस क्लॅम्प यांच्यामध्ये. दारं बंद, चावी बाहेर, आणि अर्धा तास थांबायचं, कारण गाडीतले काही इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल उशिरा झोपतात. मीटर जोडलेला असताना चावी फिरवलीत तर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. ५० मिलीअँपियरपर्यंत ठीक. ३०० असेल तर दिवसाला ७.२ अँपियर-अवर जातात, म्हणजे ३५ अँपियर-अवरची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी. आता एकेक फ्यूज काढा, आकडा ज्या फ्यूजला पडेल ते सर्किट धरा. बहुतेक वेळा म्युझिक सिस्टिम सापडते: पिवळी वायर कायमच्या प्लसला आणि लाल चावीच्या प्लसला जोडायची असते, पण दोन्ही एकत्र पिळलेल्या असतात. डॅशकॅम आणि जीपीएस ट्रॅकरही तपासा.

खाद्यपदार्थांच्या व्हॅनमध्ये इन्व्हर्टर

लायटरच्या सॉकेटवर १५० वॅटच्या वर काही लावायचं नाही. ५०० वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरमधून चालवला तर १२ व्होल्टच्या बाजूला ४९ अँपियर लागतात, आणि सुरू होतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट. म्हणून १००० वॅटचा इन्व्हर्टर, वेगळी बॅटरी, दीड मीटरच्या आतली २५ स्क्वेअरची वायर आणि बॅटरीलगत १२५ अँपियरचा फ्यूज. १०० एएचची (अँपियर-अवरची) ट्यूब्युलर बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली तर मिक्सर कागदावर तासभर चालतो, प्रत्यक्षात त्याहून कमी.

दुसरी बॅटरी पहिलीला थेट जोडली तर रात्री दोन्ही उतरतात. मध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा रिले हवा, तो १३.३ च्या आसपास जोडतो, १२.८ ला तोडतो. या मधल्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. लिथियम बॅटरी असेल तर हा रिले पुरत नाही. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि ट्रॅफिकमध्ये मंद फिरणारा डायनामो तापून जातो. तिथे २०-३० अँपियरचा डीसी-डीसी चार्जर लावा.

छतावर सोलर पॅनेल असेल तर चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. उलट केलं तर काही कंट्रोलर १२ ऐवजी २४ व्होल्टची सिस्टिम धरून बसतात. मेनूत बॅटरीचा प्रकार बदलायला विसरू नका. चार सेलच्या लिथियम फॉस्फेटला १४.४ व्होल्ट, फ्लोट (भरल्यानंतर टिकवायचा व्होल्टेज) १३.५, इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं) पूर्ण बंद. काही स्वस्त कंट्रोलर लोड तोडतात ते थेट १०.७ ला, शिशाच्या बॅटरीसाठी तो आकडा ११.८ वर आणा, नाहीतर वर्षभरात तिची प्लेट सल्फेटने भरते.

एलईडी आणि कोड

इंडिकेटरला एलईडी लावल्यावर टकटक दुप्पट वेगाने झाली तर फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या रिलेला) बल्ब उडाल्यासारखं वाटतंय. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बदला. ६ ओहमचा रेझिस्टर लावायचा झाला तर धातूवर, प्लॅस्टिकपासून दूर. तो हाताला चटका बसण्याइतका तापतो. स्कॅनरने पी०५६२ दाखवला तर तो व्होल्टेज कमी असल्याचा कोड आहे. कोड पुसून टाकू नका, वरची तीन रीडिंग घ्या. आणि सीएनजी किटच्या इंजेक्टर वायरींमधून कशालाही प्लस घेऊ नका.

डायनामो चार्ज करतोय, तरी बॅटरी उतरते आणि रेडिओत घरघर येते, तर त्याचा डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) गेलेला असू शकतो. एंजिन चालू ठेवून मीटर एसीवर बॅटरीला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर डायनामो दुकानात न्या. फक्त अगदी स्वस्त मीटर एसीवर डीसीही मोजतात. २८-३० असा आकडा आला तर घाबरू नका, पिना उलट्या लावून पुन्हा बघा. शून्य आलं तर मीटर एसीवर डीसीच मोजतोय, त्यावरून डायनामोबद्दल काहीच ठरत नाही. मीटर जरा बरा घ्या.