समग्र वेलनेस प्रॅक्टिशनर होताना या चुका टाळा

समग्र आरोग्याच्या, म्हणजे शरीर, मन आणि जगणं एकत्र पाहून काम करण्याच्या क्षेत्रात येणारी बहुतेक माणसं मनापासून येतात. कुणाला योगाने आजारपणातून उभं केलेलं असतं, कुणाला ध्यानामुळे हरवलेली झोप परत मिळालेली असते. आपल्याला जे मिळालं ते इतरांनाही मिळावं ही ओढ या कामाचं खरं भांडवल आहे. पण सुरुवातीच्या काही वर्षांतल्या बऱ्याचशा अडचणी याच ओढीतून आलेल्या एका समजापाशी जाऊन पोचतात. तो समज असा, की समग्र काम करायचं म्हणजे समोरच्या माणसाचं सगळंच आपण सांभाळायचं.

या विचाराची मुळं पाहिली तर तसं कुठेच म्हटलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 1948 साली अमलात आलेली व्याख्या आरोग्याला शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांनी पाहते. बिल हेटलर या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1976 मध्ये वेलनेसच्या सहा बाजू मांडल्या: शरीर, भावना, बुद्धी, नाती, काम आणि अध्यात्म. जॉर्ज एंगेल या डॉक्टरांनी 1977 मध्ये रोगाकडे फक्त शरीराचा बिघाड म्हणून पाहू नका, मन आणि समाजही लक्षात घ्या, असं आपल्या व्यवसायबंधूंना सांगितलं. या सगळ्यांनी पाहायला सांगितलं आहे ते पूर्ण माणसाकडे. त्यातलं आपण हाताने करायचं काम मात्र थोडंच असतं आणि ते नीट करायचं असतं. पुढच्या चुका वाचताना हे लक्षात असू द्या.

कोर्सवर कोर्स करत राहणं

रेकी (हातांनी ऊर्जा देण्याची पद्धत) झालं, मग अ‍ॅरोमाथेरपी, मग ध्वनिचिकित्सा, मग पोषण, मग ब्रेथवर्क (श्वासाचे व्यायाम). भिंतीवर सर्टिफिकेटं वाढत जातात आणि समोर क्लायंट बसला की काय करावं ते सुचत नाही. याचं कारण सरळ आहे. बहुतेक छोट्या कोर्समध्ये माहिती मिळते, माणसासोबत बसण्याचा सराव मिळत नाही.

एक मुख्य पद्धत निवडा. तिच्यावर निदान वर्ष-दोन वर्षं टिकून राहा. बाकीच्या पद्धतींची ओळख पुरेशी आहे, म्हणजे कुणाला कुणाकडे पाठवायचं ते कळतं.

कोर्स निवडताना माहितीपत्रकातल्या विषयांची यादी वाचून भुलू नका. मी तीन प्रश्न विचारायला सांगेन. प्रत्यक्ष माणसांसोबत किती तास काम करायला मिळतं? ते काम पाहून चुका दाखवणारं कुणी असतं का? आणि ही पद्धत कुणावर वापरू नये हे शिकवतात का? तिसऱ्या प्रश्नावर शिक्षक गडबडले किंवा ‘हे पूर्ण नैसर्गिक आहे, कुणालाही चालतं’ असं म्हणाले, तर तो कोर्स सोडून द्या.

मोजमाप हवं असेल तर दोन उदाहरणं घ्या. योगशिक्षकांच्या पायाभूत प्रशिक्षणासाठी 200 तास हा आकडा जगभर रूढ आहे, आणि अनुभवी शिक्षक त्यालाही सुरुवातच मानतात. अमेरिकेतलं नॅशनल बोर्ड फॉर हेल्थ अँड वेलनेस कोचिंग परीक्षेला बसण्याआधी मान्य प्रशिक्षणाबरोबर 50 प्रत्यक्ष सेशनची नोंद मागतं. तुमची पद्धत वेगळी असली तरी हा 50 चा आकडा स्वतःपुरता घ्या. फी वाढवण्याचा, जागा भाड्याने घेण्याचा किंवा नोकरी सोडण्याचा विचार त्यानंतर करा.

धोक्याची लक्षणं न ओळखणं

‘आम्ही लक्षणांवर नाही, मुळावर काम करतो’ हे वाक्य या क्षेत्रात फार ऐकू येतं. म्हणून शरीरशास्त्राचा अभ्यास टाळला जातो. ही चूक सगळ्यात महाग पडते आणि किंमत क्लायंट मोजतो. आपण निदान करत नाही हे खरं, पण कुठल्या क्षणी सेशन थांबवून माणसाला डॉक्टरांकडे पाठवायचं हे कळायलाच हवं.

काही गोष्टी पाठच असाव्यात. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा जात असेल किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटत असेल, तर ती तातडीची अवस्था आहे. मज्जातंतू दबलेले असू शकतात आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर तिथे मसाज करायचा नाही. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक, क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी, छातीवर दाब येऊन हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, प्रयत्न न करता उतरणारं वजन, शौचातून रक्त, या कशालाही ‘ताण साठलाय’ म्हणून बाजूला सारू नका.

मनाच्या बाबतीतही हेच. क्लायंट म्हणाला, ‘आता जगण्यात अर्थ वाटत नाही’, तर विषय बदलू नका आणि श्वासाचा व्यायामही सुरू करू नका. आत्महत्येचे विचार येतात का, हे शांतपणे, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही भीती निराधार आहे. उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका. मदत हेल्पलाइनची असो, मानसोपचारतज्ज्ञाची किंवा घरच्यांची, ती त्याच वेळी जोडून द्यायची असते. त्यासाठी लागणारे फोन नंबर पहिला क्लायंट येण्याआधीच लिहून ठेवलेले असावेत.

आपल्या स्वतःच्या पद्धतीचे धोकेही असतातच. जोराच्या, जलद श्वसनामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. फिट्स येणाऱ्या किंवा पॅनिकचा (अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा) त्रास असणाऱ्या व्यक्तीला त्यातून झटका येऊ शकतो. काचबिंदू असलेल्यांना उलटी आसनं देऊ नयेत, कारण डोळ्यांतला दाब वाढतो. बर्गमॉटसारखं तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजू शकते. डोळे मिटून लांब वेळ शांत बसण्यानेही काहींना दिलासा मिळण्याऐवजी जुन्या आघाताच्या आठवणी उसळून येतात. अशा वेळी डोळे उघडे ठेवायला सांगा, तळपाय जमिनीला टेकलेले जाणवू द्या, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायला सांगा आणि त्या दिवशी ध्यान तिथेच थांबवा.

औषधांविषयी न विचारणं, किंवा नको तितकं बोलणं

पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये चालू औषधं, सप्लिमेंट्स, गर्भारपण, शस्त्रक्रिया आणि अ‍ॅलर्जी यांसाठी स्वतंत्र जागा हवी. ‘काही आजार आहे का?’ एवढ्या एका प्रश्नावर लोक ‘नाही’ म्हणतात आणि रोज बीपीची गोळी घेत असतात. गोळी चालू आहे म्हणजे आजार संपला, असंच अनेकांना वाटतं.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हे तर मनातून काढूनच टाका. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीसाठी घेतली जाणारी वनस्पती औषधांचं विघटन करणाऱ्या यकृतातल्या एन्झाइम्सचा वेग वाढवते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध, अवयव प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन, या सगळ्यांचा परिणाम घटतो. काही नैराश्यविरोधी गोळ्यांसोबत ती घेतली तर शरीरात सेरोटोनिन हे मज्जातंतूंमध्ये संदेश पोचवणारं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. केसांसाठी लोक सर्रास घेतात ते बायोटिन काही रक्तचाचण्यांचे निकाल बिघडवतं. त्यात हृदयविकाराच्या झटक्याची खूण असलेल्या ट्रोपोनिनची चाचणीही येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्येच याबद्दल इशारा दिला होता.

आणि चालू औषध बंद करायला किंवा कमी करायला कधीही सांगू नका. क्लायंटने स्वतःहून आग्रह केला तरी नाही. स्टेरॉइड, फिट्सची औषधं, झोपेच्या गोळ्या, बीटा ब्लॉकर (बीपी आणि हृदयाची औषधं), नैराश्याच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर त्याचे गंभीर परिणाम होतात. ‘तुम्हाला बरं वाटतंय ते डॉक्टरांना सांगा आणि डोस कमी करता येईल का ते विचारा’, इतकं म्हणणं आपल्या हातात आहे आणि ते मोलाचं आहे.

स्वतः सप्लिमेंट्स विकून कमिशन घेणं मला पटत नाही. सल्ला देणारा आणि विकणारा एकच असला की क्लायंटला कुठल्या शब्दावर विश्वास ठेवावा ते कळत नाही, आणि काही महिन्यांनी तुम्हालाही कळेनासं होतं.

पहिल्या तासात सल्ल्यांचा मारा

पहाटे उठा, मोबाइल दूर ठेवा, साखर बंद, वीस मिनिटं प्राणायाम, रात्री डायरी. क्लायंट मान डोलावतो, घरी जातो आणि परत येत नाही.

मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेली मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही पद्धत इथे फार उपयोगी पडते. मोकळे प्रश्न विचारायचे, माणसाने आधीच केलेल्या प्रयत्नांची दखल घ्यायची, त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवायचं आणि शेवटी सारांश मांडायचा. बदलाचं कारण त्याच्याच तोंडून यावं लागतं. सल्ला द्यायचाच असेल तर आधी परवानगी घ्या: ‘याबद्दल मला एक सुचतंय, सांगू का?’ एका भेटीत एकच गोष्ट ठरवा, आणि ती त्याने निवडलेली असू द्या.

सरावासाठी सेशन रेकॉर्ड करा, अर्थात लेखी संमती घेऊनच. मग ऐकताना आपण किती वेळ बोललो ते मोजा. अर्ध्याहून जास्त भरलं तर पुढच्या वेळी प्रत्येक प्रश्नानंतर मनात पाचपर्यंत आकडे मोजून थांबा. सुरुवातीला ती शांतता जड वाटते.

सगळं श्रेय स्वतःच्या पद्धतीला देणं

माणूस मदत मागायला येतो तो त्रास वाढल्यावर. पाठदुखी, अर्धशिशी, निद्रानाश यांचं स्वरूप चढ-उताराचं असतं, त्यामुळे सगळ्यात वाईट दिवसांनंतर काहीही केलं नाही तरी थोडं बरं वाटण्याची शक्यता असतेच. तीन सेशननंतर आलेला फरक आपल्यामुळेच आला, असं म्हणायला तेवढा पुरावा पुरत नाही. हे मान्य केल्याने आपलं काम लहान होत नाही. उलट खरा फरक कुठे पडतोय ते शोधायची सवय लागते.

पहिल्याच दिवशी क्लायंटला त्याच्या त्रासाला 0 ते 10 मध्ये गुण द्यायला सांगा. झोप, वेदना, कामातलं लक्ष, जे असेल ते. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात पुन्हा विचारा. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेला माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगपणे वर्तमानाकडे लक्ष देण्याच्या सरावाचा कार्यक्रमही आठ आठवड्यांचाच आहे. ठरलेली मुदत, ठरलेला क्रम आणि ठरलेलं मोजमाप असल्यामुळेच त्यावर इतकं संशोधन होऊ शकलं.

जाहिरातीत ‘बरं करतो’, ‘मुळापासून नाहीसं करतो’ असे शब्द नकोत. आजार बरा करण्याचा दावा बऱ्याच देशांत कायद्यालाही चालत नाही. क्लायंटचा अनुभव छापायचा असेल तर लेखी संमती हवी, आणि संमती देणाऱ्याला नाही म्हणणं सोपं वाटायला हवं.

व्यवसायाच्या बाजूच्या चुका

इथे थोडक्यात. नोकरी एकदम सोडू नका, कारण या महिन्याचं भाडं निघायचं असेल तर क्लायंटला दुसरीकडे पाठवणं अवघड जातं. कायमची मोफत सेशन्स देऊ नका. सरावाची सेशन्स कमी फीत द्या, पण किती आणि कधीपर्यंत ते आधी सांगा. ऐनवेळी रद्द करण्याचा नियम लेखी ठेवा. आपल्या भागात नोंदणी, परवाना, व्यावसायिक विमा यांपैकी काय लागतं ते सुरुवातीलाच विचारून घ्या, विशेषतः स्पर्शाशी संबंधित काम असेल तर. प्रत्येक सेशनची नोंद त्याच दिवशी करा आणि ती कुलपात किंवा पासवर्डमागे ठेवा.

क्लायंट दोन-तीन वेळा येऊन थांबत असतील तर

आधी जाहिरात बदलू नका. आधी हे पाहा: किती भेटी लागतील हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं का? पुढची तारीख निघण्यापूर्वी ठरली होती का? दिलेला सराव त्याच्या दिवसात बसणारा होता का?

अपेक्षाही तपासा. एकवीस दिवसांत सवय लागते असं सांगितलं असेल तर बाविसाव्या दिवशी माणूस स्वतःला नापास ठरवतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या 2010 च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, आणि माणसागणिक ते 18 पासून 254 पर्यंत होते. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. हे क्लायंटला सुरुवातीलाच सांगा, तो सुस्कारा सोडेल.

आठ आठवड्यांनी गुण जागचे हलले नसतील तर आणखी सेशन विकू नका. दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा आणि सोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या: क्लायंट काय घेऊन आला, आपण काय केलं, काय दिसलं, कशाची शंका वाटते. चिठ्ठी क्लायंटला वाचून दाखवा, त्याच्या संमतीनेच पाठवा आणि दोन आठवड्यांनी फोन करून तो तिथे पोचला का ते विचारा.