मुलांना घेऊन बाहेर पडल्यावर स्वच्छ टॉयलेट कसं शोधायचं

लहान मूल "शू लागली" म्हणतं तेव्हा तुमच्या हातात फारतर पाच-सात मिनिटं असतात, आणि तीन वर्षांच्या पोराच्या बाबतीत तेवढीही नसतात. खेळात रमलं की ते शेवटपर्यंत दाबून धरतं, सांगतं तेव्हा पायावर पाय चढवून नाचायलाच लागलेलं असतं. मग घाईघाईत जे पहिलं दिसेल त्या टॉयलेटमध्ये आपण शिरतो, ते घाण निघतं, मूल आत पाऊल टाकायला तयार होत नाही, ते रडतं आणि आपण चिडतो. माझ्या दोन्ही मुलांबरोबर हे इतक्यांदा झालंय की शेवटी मी एकच सवय लावून घेतली, कुठेही पोचलो की सगळ्यात आधी टॉयलेट बघून यायचं, कोणाला लागलेली असो वा नसो. बाकीचं सगळं याच्याच आजूबाजूने येतं, ते क्रमाने सांगते.

१. आधी मुलाचं घड्याळ ओळखा

मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टर लोक वापरतात तो एक सोपा हिशोब आहे: वय अधिक २, गुणिले ३०, उत्तर मिलीलिटरमध्ये. म्हणजे ४ वर्षांच्या मुलाचं साधारण १८० मिली. मोठ्या माणसाचं ४०० ते ५०० मिली असतं. त्यामुळे "आत्ता तर घरून जाऊन आलास ना" हे आपलं वाक्य मुलाच्या दृष्टीने खरंच अन्याय आहे, त्याची टाकीच छोटी आहे. दीड-दोन तास झाले की आपणच न्यायचं, आणि विचारायचं नाही, कारण "लागली का?" ला उत्तर कायम "नाही" असतं. "चला, सगळे जाऊन येऊ" म्हणायचं आणि आपणही जायचं.

शीचं वेगळं. पोटात अन्न गेलं की आतडं हलायला लागतं, ही शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे आणि लहान मुलांमध्ये ती चांगलीच जोरात असते, म्हणून खाल्ल्यावर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात शी लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त. याचा उपयोग असा करायचा की बाहेर खायला बसायची जागाच टॉयलेट बघून निवडायची. मी आधी आत जाऊन बघून येते आणि मगच सगळे बसतो.

आणि टॉयलेट मिळणार नाही या भीतीने मुलांचं पाणी कमी करू नका, प्लीज. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, शी कडक होते, आणि एकदा शी करताना दुखलं की मूल पुढच्या वेळी अजून दाबून धरतं, मग ते चक्र सुटता सुटत नाही.

२. निघण्याआधी फोनवर पाच मिनिटं

गूगल मॅप्सवर पब्लिक टॉयलेट असं सर्च केलं की पिन दिसतात, पण नुसत्या पिनवर जाऊ नका. जिथे जाणार आहात त्या जागेचे रिव्ह्यू उघडा, रिव्ह्यूच्या आत सर्च करायची सोय असते तिथे टॉयलेट, वॉशरूम असे शब्द टाका आणि नव्यातले नवे आधी वाचा. दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकाला काही अर्थ नसतो, सफाईचं कंत्राट बदललं की सगळंच बदलतं. लोकांनी टाकलेले फोटोही बघा, बरेचदा एखाद्या वैतागलेल्या आईने आतला फोटो टाकलेला असतो.

दुसरा नकाशा म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप, जो लोकच भरतात. त्यात टॉयलेटची वेगळी खूण असते आणि कोणी भरलेलं असेल तर पैसे लागतात का, व्हीलचेअर जाते का, बाळाचे डायपर बदलायचं टेबल आहे का हेही कळतं. हा नकाशा ऑफलाइन दाखवणारी ॲप्स आहेत, ज्या भागात जाणार तो आधीच डाउनलोड करून ठेवा, कारण रेंज नेमकी गरजेच्या वेळी जाते. एक लक्षात ठेवा, बागेतली टॉयलेट्स बरेचदा संध्याकाळी कुलूप लावून बंद करतात, तेव्हा वेळही बघा.

३. कुठे आधी जायचं

माझा अनुभव असा की जिथे दिवसभर कोणीतरी माणूस नेमलेला असतो तिथलं टॉयलेट चांगलं असतं, इमारत नवी की जुनी याने फारसा फरक पडत नाही. लायब्ररी, म्युझियम, मोठ्या हॉटेलची लॉबी, मोठं हॉस्पिटल, या माझ्या पहिल्या पसंतीच्या जागा. (हॉस्पिटलमध्ये मुलांनी इकडेतिकडे हात लावू नये एवढं मात्र सांभाळायचं.) मॉलमध्ये गेलात तर फूड कोर्टच्या आणि थिएटरच्या मजल्यावरचं टाळा, तिथे एका वेळी पूर्ण गर्दी येते. लहान मुलांच्या कपड्यांची, खेळण्यांची दुकानं ज्या मजल्यावर असतात तिथे बघा, फॅमिली रूम (आई किंवा बाबा मुलाला घेऊन एकत्र जाऊ शकतात अशी वेगळी खोली) असेल तर बहुतेक त्याच बाजूला असते. स्टेशनवर प्लॅटफॉर्मच्या टोकाच्यापेक्षा वेटिंग रूमच्या आतलं. हायवेवर दुकान आणि खायची सोय असलेला मोठा पंप, जिथे बसगाड्या थांबत नाहीत असा, कारण एक बस थांबली की पन्नास माणसं एकदम उतरतात आणि त्यानंतरचा अर्धा तास तिथे जाण्यात अर्थ नाही.

वेळही महत्त्वाची. सकाळी उघडल्या उघडल्या आणि जेवणाच्या गर्दीच्या आधी टॉयलेट सगळ्यात स्वच्छ असतं.

कोणाला विचारायचं हे शिकायला मला बराच वेळ लागला. गार्डला "टॉयलेट कुठे आहे" विचारलं तर तो सगळ्यात जवळचं सांगतो. "लहान मूल आहे, जरा स्वच्छ कुठलं आहे?" असं विचारलं तर बरेचदा दुसऱ्या मजल्यावरचं सांगतो, कधीकधी स्टाफचं उघडून देतो. आणि लहान मुलाला हाताला धरून येणारे दुसरे आईबाबा दिसले तर त्यांनाच विचारा, त्यांच्याइतकी ताजी आणि खरी माहिती कोणाकडेच नसते.

४. दारात उभं राहून परीक्षा

मुलाला बाहेर दुसऱ्या मोठ्या माणसाबरोबर थांबवता आलं तर आधी एकट्याने डोकावून या. सगळ्यात आधी वास. ताज्या लघवीला तो डोळ्यात जाणारा उग्र वास नसतो, लघवीतल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात तेव्हा तो येतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणजे नाकात झिणझिण्या आल्या तर समजा इथे नीट धुणं होऊन बराच काळ गेलाय. फिनाईलचा जोरात वास म्हणजे स्वच्छ असंही नाही, कधीकधी नुसतं वरून ओतलेलं असतं. चांगल्या टॉयलेटला जवळजवळ वासच नसतो.

मग फरशी. ओली असेल तर सध्याच धुतली का सांडलंय ते बघा, पण लहान मुलांसाठी कोरडी केव्हाही बरी, पँट काढताना सगळं फरशीला लागतं. मग साबण आहे का, कचऱ्याचा डबा ओसंडून वाहतोय का, भिंतीवर सफाईचा तक्ता असेल तर आजची सही कधीची आहे. साबण भरलेला असेल तर बाकीचंही बहुतेक ठीक निघतं, कारण साबण भरणारा माणूस फेरी मारतोय एवढं तरी त्यावरून कळतं.

कुठल्या दारात शिरायचं? १९९५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या एका सार्वजनिक टॉयलेटमध्ये संपलेले टिश्यू रोल मोजले होते, त्यातले ६० टक्के मधल्या खोल्यांमधले निघाले. म्हणजे लोक नकळत मधलं दार उघडतात. मी तेव्हापासून कडेचं आधी बघते. कडी लागते का, आतून सहज उघडते का आणि दिवा आहे का, हे मूल आत जायच्या आधी तपासा, अंधार आणि अडकून बसण्याची भीती मुलांना खूप वर्षं पुरते.

५. आत गेल्यावर

आपण सगळे सीटला घाबरतो, पण बसून आजार लागण्यापेक्षा हातावरून जंतू तोंडात जाण्याची वाट जास्त धोक्याची आहे: कडी, फ्लशचं बटण, नळ. म्हणून सीट पुसा, त्यावर टिश्यू घाला, पण खरं लक्ष मुलाच्या हातांवर ठेवा. माझ्या धाकट्याला मी आत गेल्यावर दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावर ठेवायला सांगायचे, त्याला तो खेळ वाटायचा आणि कुठे हात लागायचा नाही.

मुलींना आपण सवयीने सांगतो "टेकू नको, अधांतरी बस". हे बंद करा. अर्धवट उभं राहून मांड्या आणि ओटीपोटाचे स्नायू ताठ राहतात, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, आणि उरलेल्या लघवीमुळे इन्फेक्शनची शक्यता वाढते, मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो म्हणून त्यांना तर जास्तच. सीट पुसून नीट टेकवून बसवा. पाय लोंबकळत असतील तर तुमच्या पायांवर किंवा बॅगेवर टेकवा, पायाला आधार मिळाला की शी सोपी होते. अगदी छोट्या मुलाला उलटं बसवा, टाकीकडे तोंड करून, पाय दोन्ही बाजूंना. तसं बसलं की आत पडायची भीती नसते. उकिडवं बसायचं टॉयलेट असेल तर पँट पूर्ण काढून तुमच्या खांद्यावर टाका आणि मागून काखेत धरा. पुसायचं, धुवायचं पुढून मागे, कायम.

मुलं नाही म्हणतात त्यात आवाजाचा वाटा मोठा असतो. सेन्सरचा फ्लश मूल बसलेलं असतानाच सुटला की पुढचे सहा महिने ते कुठल्याच सेन्सरवर बसत नाही. उपाय एकदम साधा आहे, चिकटणाऱ्या छोट्या कागदांचं पॅड पर्समध्ये ठेवा, बसायच्या आधी एक कागद सेन्सरच्या डोळ्यावर लावा, मुलाला बाहेर काढा, मग कागद काढा. हात वाळवायच्या मशीनचंही तसंच. कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने मुलांच्या कानाच्या उंचीवर या मशीनचे आवाज मोजले, २०१९ मध्ये बालरोगाच्या जर्नलमध्ये ते छापून आले, काही मशीन १०० डेसिबलच्या वर गेली होती. मूल कान झाकतं तेव्हा ते नाटक करत नसतं. रुमाल जवळ ठेवा, कोणी मशीन लावलं तर मुलाला लांब उभं करा.

६. हात

साबण आणि पाणी, २० सेकंद. सॅनिटायझर पाणी नसेल तेव्हापुरतं, आणि त्यात निदान ६० टक्के अल्कोहोल हवं. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर ते फारसं चालत नाही, त्यामुळे खाण्याआधी धुणंच बरं. साबणाच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या खरंच कामाच्या.

७. बाबा आणि मुलगी, आई आणि मुलगा

फॅमिली रूम असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर लहान मुलाला तुमच्याबरोबर तुमच्या टॉयलेटमध्ये न्या, कोण काय म्हणेल याचा विचार करू नका. बाबा मुलीला नेत असतील तर तिला युरिनलच्या बाजूने न नेता सरळ आतल्या खोलीत न्यायचं, एवढंच. एकटं जाण्याच्या वयाचं मूल असेल तर तुम्ही दाराशी उभे रहा आणि बोलत रहा, त्याला आधीच सांगून ठेवा की आत कोणी मदत करतो म्हणालं तर बोलायचं नाही, मोठ्याने हाक मारून बाहेर यायचं.

बॅगेत काय ठेवायचं ते थोडक्यात: एक जादा चड्डी आणि पँट, ओले कपडे टाकायला झिपची पिशवी, टिश्यू, पाण्याची एक वेगळी छोटी बाटली जी प्यायची नाही, आणि तीन वर्षांखालचं मूल असेल तर घडीची पॉटी. लांबच्या प्रवासात आम्ही ती गाडीच्या डिकीत ठेवायचो, एकदा तर मैलोनमैल काहीच नव्हतं आणि तिनेच वाचवलं.

टॉयलेट चांगलं निघालं तर तिथेच उभं राहून नकाशावर दोन ओळी लिहा, तारीख, मजला, टेबल आहे का, साबण होता का. तिथे सफाई करणाऱ्या ताई किंवा काका असतील तर मुलालाच त्यांना थँक्यू म्हणायला लावा. माझी मोठी आता आठ वर्षांची आहे, ती स्वतःच आधी जाऊन बघून येते आणि धाकट्याला सांगते, "चल, इथे साबण आहे, ड्रायर नाहीये."