स्लॅकलाइन ताणायला काय घ्यावं: रॅचेट, कॅरॅबिनर की पुली?

मी नवख्यांना स्लॅकलाइनवर, म्हणजे दोन झाडांमध्ये ताणलेल्या सपाट पट्ट्यावर, उभं राहायला शिकवतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: सगळ्यात घट्ट कशाने होईल? मी विचारतो, लाइन किती लांब बांधणार? दहा मीटरच्या आत असेल, आणि सुरुवातीला ती तेवढीच असावी, तर फार ताकदीचं साधन लागतच नाही.

हिशोब करून बघा. तुम्ही मधोमध उभे असताना पट्ट्यातला ताण साधारण असा निघतो: वजन गुणिले लांबी, भागिले झोळाची चौपट. वजन 70 किलो, लाइन 10 मीटर, झोळ अर्धा मीटर, तर ताण 350 किलो. झोळ निम्मा केलात की तोच 700. हा भार दोन्ही झाडांवर आणि मधल्या प्रत्येक जोडावर येतो. म्हणून थोडा झोळ राहू द्या.

पहिल्यांदाच चढणाऱ्याने 50 मिमी रुंद पट्टा आणि रॅचेट घ्यावं, असं माझं मत. ट्रकवरचा माल आवळतात त्याच जातीचं हे साधन. पट्टा रिळाच्या फटीतून ओवा, आधी हातानेच जेवढा ओढला जाईल तेवढा ओढा आणि मगच दांडा मारा. रिळावर दोन-तीन वेढे पुरतात. ढिला पट्टा तसाच ठेवून दांडा मारत बसलात तर रीळ भरून अडकतं. दांडा जमिनीकडे तोंड करून ठेवा, म्हणजे पडणारा त्यावर आपटणार नाही. दांड्याला पाइप लावून जोर वाढवायचा नाही, कधीच नाही. रॅचेट जड असतं, तेव्हा एक वेगळी दोरी घालून ते झाडाला बांधून ठेवा. काही तुटलंच तर ते उडून यायला नको.

रॅचेटची खरी खोड सोडताना कळते. खिट्टी ओढून दांडा पूर्ण उघडला की सगळा ताण एका झटक्यात सुटतो. तेव्हा बोटं रिळापासून लांब, आणि लाइनवर कोणी नको.

25 मिमी पट्टा आवडत असेल तर कॅरॅबिनरची, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीची, पद्धत घ्या. तिला प्रिमिटिव्ह म्हणतात. झाडाकडचा एक कॅरॅबिनर आणि लाइनवर लाइन लॉकरने (पट्टा गाठ न मारता कडीत अडकवून) बसवलेला दुसरा, यांच्यामधून पट्टा फिरवायचा. शेवटचा फेरा आधीच्या फेऱ्याच्या खालून, म्हणजे कॅरॅबिनरला चिकटून गेला पाहिजे. वरचा फेरा त्याला दाबून धरतो आणि लाइन आपोआप अडकते. हा फेरा वरून गेला तर कितीही ओढा, सोडलं की सरकणार. कागदावर जोर तिप्पट-पाचपट होतो, पण त्यातला बराचसा घर्षणात जातो, म्हणून ओढायला जोडीदार हवा. पट्टा जिथे घासतो तिथे पोलादी कॅरॅबिनर वापरा. ॲल्युमिनियमला खाचा पडतात. सोडताना मोकळं टोक उलट दिशेला खेचायचं. पट्टा घासून तापतो, त्याला हात लावू नका.

पुलीचा संच लांब लाइनसाठी. आत्ता नको.

झाडाचा बुंधा निदान 30 सेंमी जाडीचा हवा, सालीभोवती जाड कापड गुंडाळा, आणि उंची एवढीच की मधोमध उभं राहिल्यावर पट्टा जमिनीला टेकू नये.